जामीनदार कोण होणार?

काही महिन्यांपूर्वी सायंकाळच्या प्रार्थनेनंतर एक माउली आमच्याकडे आली. मारामारीच्या गुन्ह्यात पकडलेल्या तिच्या मुलास न्यायालयाने जामीन मंजूर केला होता. तरीही तीन आठवडे तो तुरुंगातच होता. घरी जमीन नाही, आणि शेतीवाडी असलेला मामा राहतो सीमेपलीकडे. "फादर, साहेबांनी सोडलं म्हणतात, मग घरी का येत नाही?" या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी आम्हांस देता आले नाही. ते शोधले, आणि आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे, तशीच अटक म्हणजे दोषसिद्धीही नव्हे. आरोपी खटल्यास हजर राहील, साक्षीदारांस धमकावणार नाही, याची हमी म्हणजे जामीन. गुन्हा जामीनपात्र असेल तर तो आरोपीचा हक्कच होय. अन्य गुन्ह्यांत तो न्यायाधीशांच्या विवेकावर अवलंबून असतो. तरी २०२२ च्या अखेरीस भारतातील तुरुंगांत दर शंभर बंदिवानांपैकी सुमारे पंचाहत्तर जण खटला न संपलेले होते. झारखंडमधील अशाच आदिवासी कच्च्या कैद्यांसाठी झटणारे जेझुइट फादर स्टॅन स्वामी हे स्वतःच जामिनाची वाट पाहत, खटला उभा राहण्यापूर्वीच, ५ जुलै २०२१ रोजी चौऱ्याऐंशीव्या वर्षी निवर्तले.

गरिबाचे पाऊल अडते ते हमीपाशी. १९७८ साली मध्य प्रदेशातील एका गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीन मागितला, आणि भाऊ जामीनदार होण्यास तयार असता, त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्यास नाकारले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे अन्यायाचे ठरवून गवंड्यास एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडण्याचा आदेश दिला. ज्यांची निम्मी सोयरीक पलीकडच्या राज्यात आहे, अशा आपणां सीमाभागातील लोकांस या निर्णयाचे मोल अधिक आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून आठवड्याभरात जो जामीन देऊ शकत नाही, त्यास निर्धन मानून जातमुचलक्यावर सोडावे, असे ती सांगते. प्रथमच गुन्ह्यात सापडलेल्याने कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ कोठडीत काढला असेल, तर त्यास मुचलक्यावर सोडावयाचे असते; मात्र फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे, तसेच एकाहून अधिक खटले असणारे यांस ही सवलत नाही. कोठडीतील प्रत्येकास, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळतो. जामीन होऊनही सात दिवसांत सुटका न झाल्यास तुरुंगाधिकाऱ्यांनी प्राधिकरणास कळवावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२३ चा आदेश आहे.

आम्ही त्या माउलीस घेऊन प्राधिकरणाच्या कचेरीत गेलो. तेथील वकिलांनी अर्ज केला, रक्कम कमी झाली, मामाची हमी स्वीकारली गेली आणि मुलगा घरी आला. परंतु खटला अजून उभा राहावयाचा असताना गावाने मात्र निकाल देऊन टाकला होता: कोणी त्यास कामास बोलावीना.

वाचकहो, जामीनदार होणे हे जोखमीचे काम आहे. आरोपी पळाला तर हमीची रक्कम आपल्याकडून वसूल होऊ शकते. म्हणून माणूस ओळखून, त्याचा शब्द घेऊन, प्रत्येक तारखेस त्याच्याबरोबर जाण्याच्या तयारीनेच सही करावी. मात्र पैसे घेऊन हमी विकणाऱ्या परक्याच्या दारी आपल्या शेजाऱ्यास जावे लागू नये. बंदिवानाची भेट घेणाऱ्याने आपलीच भेट घेतली, असे प्रभू येशूने सांगितले. तो बंदिवान निर्दोष असावा, अशी अट त्याने घातली नाही.