बेळगाव ते वेंगुर्ले : सायकलीची वाट

व्यापाऱ्याचा दिवस गादीवर सरतो; वहीत जमा वाढते, पण प्रकृती खर्ची पडते. म्हणून आमच्या तरुण बंधूंनी वर्षातून एकदा तरी बेळगावहून वेंगुर्ल्यास सायकलीने जावे, असे आम्ही आग्रहाने सुचवितो.

ही वाट व्यापाराला परकी नाही. १६३७ साली डचांनी वेंगुर्ल्यास वखार घातली. पुढे १८८८ मध्ये मुरगावची रेल्वे सुरू होईपर्यंत बेळगावचा पुष्कळ माल याच बंदरी उतरून बैलगाड्यांनी घाट चढत असे.

शहर मागे पडताच चंदगड तालुक्याचा चढउताराचा मुलूख लागतो. पहिला मुक्काम आंबोलीस, सुमारे ६९० मीटर उंचीवर करावा. दुसऱ्या दिवशी सावंतवाडीकडे घाट उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नयेत; दाबावेत व सोडावेत. पुढे तांबडी माती, माडाच्या बागा आणि अखेरीस वेंगुर्ल्याचा समुद्र! किनाऱ्याने दक्षिणेस गेल्यास, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाने गाजलेले शिरोडे येते.

प्रवासात व्रतनियम कसे सांभाळावेत, अशी वडीलधाऱ्यांची शंका असते. आमच्या मते येथे नियमच सोबती होतात. चातुर्मासात प्रवास आवरता घ्यावयाचा. आंबोलीस मुसळधार पाऊस आणि दरडींचे भय असते तेही तेव्हाच. भोजन सूर्यास्तापूर्वी व्हावयाचे. त्यामुळे मुक्कामही दिवसाउजेडी गाठला जातो.

ज्या वाटेने माल चढला, त्या वाटेने आपली मुले एकदा उतरोत. हा खर्च नव्हे, ही आरोग्याची जमा आहे.