सहा तासांत पुणे, आणि असेच काही समज

तुळजापूर-नागपूर हा राष्ट्रीय महामार्ग ३६१ चौपदरी झाल्यापासून अर्धापूर-नांदेडकडे पुण्याचं अंतर कुणी किलोमीटरमध्ये सांगत नाही, तासांत सांगतात. कुणी आठ तासांत पोचलेला असतो, कुणी सात, आणि सहा तासांत पोचलेला एक जण दर चहाच्या टपरीवर भेटतोच. अर्धापूर, नांदेड, लोहा, अहमदपूर, लातूर, बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी, इंदापूर, पुणे असा रस्ता धरला तर अंतर साधारण पावणेपाचशे किलोमीटर भरतं. ते सहा तासांत कापायचं तर सरासरी वेग ताशी ८० च्या आसपास हवा, तोही एकदाही गाडी न थांबवता. मध्ये गावं, टोलनाके, बार्शीकडचा दुपदरी रस्ता आणि हडपसरची गर्दी आहे. त्यामुळे मोकळ्या पट्ट्यात काटा १२० च्या पुढे ठेवल्याशिवाय हे गणित जुळत नाही. बढाई सोडून देऊ. खरी अडचण अशी की याच बढाईवरून दुसऱ्याच्या प्रवासाचा आराखडा ठरतो. गाडी नवी आहे, रस्ता नवा आहे, मग उरलं काय? उरतो तो चालवणारा. त्याचं जागेपण किती तास टिकतं आणि दिवसाच्या कोणत्या वेळी ढासळतं, यावर हा प्रवास बेतायला हवा; बहुतेक गैरसमज नेमकी तेवढीच गोष्ट हिशेबातून वगळतात.

सर्वांत पक्का समज रात्रीच्या प्रवासाचा. रात्री रस्ता मोकळा, ऊन नाही, मुलं मागे झोपतात, सकाळी पुण्यात हजर. आता त्या चालवणाऱ्याचा दिवस बघा. तो सकाळी सहाला उठला, दुकान किंवा ऑफिस केलं, जेवला, बॅगा भरल्या आणि रात्री अकराला किल्ली फिरवली. म्हणजे निघतानाच तो १७ तास जागा आहे. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात मांडलेले निष्कर्ष असे की, सलग १७ तास जागलेल्या माणसाची हात-डोळ्यांची सांगड रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी बिघडते आणि २४ तासांनंतर ती ०.१० टक्क्यांच्या पातळीला जाते. आपल्याकडे कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. थेंबभरही न पिता हा गृहस्थ अर्धापुरातून निघतानाच त्या मर्यादेपलीकडच्या अवस्थेत असतो आणि पहाटे पुण्याजवळ येईपर्यंत तिच्या तिप्पट पुढे गेलेला असतो. दुपारी झोप काढून निघालं तर? फरक पडतो, पण पुरता नाही. शरीराचं घड्याळ पहाटे दोन ते पाचच्या दरम्यान आपोआप खाली येतं. दुपारची झोप त्याला थोडं उचलते, थांबवत नाही. आणि डुलकी लागायला तासभर लागत नाही. ताशी १०० च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. चार सेकंद डोळे मिटले की ११० मीटर रस्ता कुणीही न पाहता मागे पडलेला असतो.

इथे जाणकार माणूस आकडे पुढे करतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालात सर्वाधिक अपघात संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत नोंदले जातात आणि मध्यरात्रीनंतरचा वाटा कमी दिसतो. मग रात्रच बरी नाही का? आकडा खरा आहे, निष्कर्ष चुकीचा. संध्याकाळी रस्त्यावर माणसं, दुचाकी, ट्रॅक्टर, एसट्या सगळं असतं. रात्री दोनला त्याच्या तुलनेत वाहनं मोजकीच. अपघातांची संख्या आणि दर गाडीमागचा धोका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपली गाडी एकच असल्याने आपल्याला दुसरी महत्त्वाची. दुसरी खोच अशी की त्या अहवालात कारणांचे रकाने अतिवेग, मद्यपान, उलट दिशेने गाडी चालवणं, सिग्नल तोडणं, मोबाइल असे आहेत. झोपेला स्वतंत्र रकाना नाही. दारू रक्तात सापडते, झोप कशातच सापडत नाही. ब्रेकच्या खुणा नसलेला सरळ रस्त्यावरचा अपघातसुद्धा बहुधा अतिवेगाच्या खात्यात जमा होतो. २०२२ च्या अहवालात देशभरातल्या १,६८,४९१ मृत्यूंपैकी ७० टक्क्यांहून अधिक अतिवेगाच्या नावावर आहेत. त्यातले किती वेगाचे आणि किती मिटलेल्या डोळ्यांचे, हे त्या कागदावरून कळायला मार्ग नाही. आणि संध्याकाळच्या आकड्याचं उत्तर रात्री निघणं हे कसं होईल? सहाच्या आत पोचा, दोन्ही वेळा टळतात.

रात्रीचा आणखी एक हिशेब उजेडाचा आहे. डिपरवर हेडलाइटचा कामाचा उजेड साधारण ५०-६० मीटर पडतो. ताशी ८० च्या वेगात समोर काही दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत ३० मीटरहून अधिक जातात आणि कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला तेवढेच आणखी लागतात. म्हणजे ८० लाच गाडी उजेडाच्या पुढे धावते आहे. साखर कारखान्यांचे गाळप हंगाम ऐन थंडीत असतात, आणि लातूरपासून इंदापूरपर्यंतचा हा सगळा मुलूख उसाचा. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे वाढे लोंबताहेत, त्याखाली झाकला गेलेला दिवा, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला. त्यातली एक ट्रॉली पंक्चर होऊन डाव्या कडेला उभी असते, मागे इशारा म्हणून चार दगड मांडलेले. काम झाल्यावर ट्रॉली जाते, दगड तिथेच राहतात. दिवसा हे दोनशे मीटरवरून दिसतं. ट्रॅक्टरवाल्याला शिव्या देणं सोपं आहे आणि रिफ्लेक्टर लावायलाच हवा हेही खरं, पण आपला आराखडा त्याच्या शिस्तीवर बेतता येत नाही.

'मग ट्रकवाले आणि ट्रॅव्हल्सवाले रात्रभर कसे चालवतात?' हा आक्षेप ठरलेला. अर्धापूरची केळी रात्रीच बाहेर पडतात, हे कोण नाकारेल? पण जे रोज रात्री चालवतात ते दिवसा झोपतात. आपण दिवस भरून वर रात्र जोडतो. शिवाय त्यांच्यासाठी कायदा आहे. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगितली होती. युरोपात साडेचार तासांनंतर ४५ मिनिटं थांबणं सक्तीचं आहे. आपल्याकडे हे किती पाळलं जातं ते रस्त्यावर दिसतंच. तरी ज्यांचा हा धंदा आहे त्यांच्यासाठीसुद्धा मर्यादा आखावी लागली, यातून वर्षातून चारदा महामार्गावर येणाऱ्याने काय ते समजून घ्यावं.

दुसरा समज वेगाचा. शंभर किलोमीटर ताशी ६० ने शंभर मिनिटांत होतात, ८० ने ७५, १०० ने ६० आणि १२० ने ५०. प्रत्येक वेळी वेग तेवढाच वाढला, पण बचत २५ मिनिटांवरून १५ वर आणि पुढे १० वर आली. खर्च मात्र उलट दिशेने जातो: १०० वरून १२० वर गेलं की गाडीतली धडकेची ताकद आणि ब्रेक लागल्यानंतरचं अंतर दोन्ही ४४ टक्क्यांनी वाढतात, डिझेल वेगळंच. या मार्गावर चौपदरी पट्टा धरला सव्वातीनशे किलोमीटर, तर तो सगळाच्या सगळा १०० ऐवजी १२० ने मारून वाचतात जेमतेम ३३ मिनिटं. प्रत्यक्षात तेवढीही वाचत नाहीत. लोह्याच्या पुढे जिवावर उदार होऊन ओव्हरटेक केलेला टेम्पो टोलनाक्यावर आपल्या मागेच येऊन उभा राहतो. २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार मोटारींना एक्स्प्रेसवेवर १२०, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १०० आणि इतर रस्त्यांवर ७० ही कमाल मर्यादा आहे, आणि रस्त्यावरची पाटी याहून कमी सांगत असेल तर पाटी खरी. हा फरक कागदी नाही. समृद्धी महामार्गावर दुचाकीला प्रवेश नाही, कडेला कुंपण आहे, चढणं-उतरणं ठरलेल्या ठिकाणीच. आपला ३६१ चौपदरी असला तरी गावच्या फाट्यावर दुभाजकाला कट आहे, लांबचा वळसा टाळायला उलट दिशेने येणारी मोटारसायकल आहे, म्हशी आहेत. गाडीत बसून दोन्ही रस्ते सारखेच वाटतात. म्हणूनच फसगत होते.

मोबाइलवरच्या नकाशाचंही तसंच. तो दाखवतो ते चाकं फिरण्याचे तास. त्यात नाश्ता नाही, मुलांची लघवी नाही, पंपावरची रांग नाही. त्याच्या आकड्यात दर दोन तासांमागे किमान १५-२० मिनिटं आणि जेवणाचा पाऊण तास घातला की खरा आकडा निघतो, आणि तो पावणेपाचशे किलोमीटरना दहा तासांच्या आसपास जातो. 'थांबलं की वेळ जातो' या तक्रारीला वरचाच हिशेब उत्तर आहे: जोखीम घेऊन वाचवलेली ३३ मिनिटं म्हणजे दीड-दोन थांबे. नागपूरकडून येणाऱ्यांचं एक बरं असतं. वारंगा फाट्याची खिचडी इतकी नावाजलेली की गाडी आपसूक थांबते. पुण्याच्या वाटेवर असे थांबे आपणच ठरवून ठेवावे लागतात.

झोप आलीच तर काच खाली करू, गाणी मोठ्याने लावू, तोंडावर पाणी मारू, कडक चहा घेऊ: यातल्या पहिल्या तिन्ही उपायांचा परिणाम काही मिनिटांत ओसरतो. चहा-कॉफी खोटी नाही, पण तिचा अंमल चढायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि तेवढ्यात ३०-४० किलोमीटर झालेले असतात. उपाय एकच आहे आणि तो फुकट आहे: पंपावर किंवा ढाब्याच्या आवारात गाडी लावून चहा घ्यायचा आणि लगेच १५-२० मिनिटं डोळे मिटायचे. उठेपर्यंत चहाही कामाला लागलेला असतो. महामार्गाच्या कडेच्या पट्टीवर मात्र नको. मागून येणारा तिथेच डुलक्या घेत येतो.

मराठवाड्याचा खास समज टायरचा. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ वर गेला की हवा दोन-चार पॉइंट कमी ठेवावी, नाहीतर टायर फुटतो, असं पंक्चरवाल्यापासून काकांपर्यंत सगळे सांगतात. तापलेल्या टायरमध्ये दाब वाढतो हे खरंच आहे, साधारण दर सहा अंशांना एक पॉइंट. पण कंपनीने ती वाढ धरूनच आकडा दिलेला असतो. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, त्या दबण्या-उठण्याने आतून तापते आणि तीच वेगात फाटते. फुटतो तो बहुधा कमी हवेचा, जुना किंवा जादा ओझ्याखालचा टायर. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर वाचावा आणि हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी, स्टेपनीचीही. नायट्रोजन भरला म्हणून निर्धास्त होण्यात अर्थ नाही, साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच. टायरच्या बाजूवर शेवटी चार अंकी आकडा असतो: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. खोबण शाबूत दिसत असली तरी रबराचं वय त्या आकड्यात कळतं.

सीटबेल्ट पुढच्यांनीच लावायचा, हा समज खोडायला दोन ओळी पुरेत. मागे बसलेल्यांनाही तो कायद्याने सक्तीचा आहे, आणि टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात गेले ते मागच्या सीटवर, पट्टा न लावता बसलेले असताना.

आता हे सगळं नकाशावर मांडू. सकाळी साडेपाच-सहाला अर्धापूर सोडलं की चालवणारा ताजा असतो आणि ऊन पाठीशी. पुणे पश्चिमेला असल्याने दुपारनंतर तेच ऊन डोळ्यांवर येतं. साडेआठ-नऊला लातूरला नाश्ता. दुपदरी टप्पे आणि ओव्हरटेकचा भाग बार्शी-कुर्डुवाडीकडे येतो, तो अकरा-बाराच्या आत, डोकं शाबूत असताना उरकतो. टेंभुर्णीला जेवण, तेही हलकं. इथून पुढे सोलापूर-पुणे महामार्ग लागतो, सरळ आणि गुळगुळीत. नेमका हा दोन ते चारचा, शरीराच्या दुसऱ्या सुस्तीचा वेळ. 'आता काय, आलंच पुणे' असं वाटायला लावणारा हाच पट्टा. म्हणून भिगवणच्या आसपास वीस मिनिटांची झोप वेळापत्रकातच लिहून टाकावी. तरीही हडपसर चार-साडेचारला, संध्याकाळच्या कोंडीआधी. सुट्टी कमी म्हणून दिवस घालवणं परवडत नसेल, तर नांदेडहून लातूर-कुर्डुवाडीमार्गे पुण्यावरून पनवेलला जाणारी रात्रीची रेल्वे आहे. झोपून जायचं तर तिच्यात जावं.

एक विनंती पुण्यात वाट पाहणाऱ्यांनाही. 'कुठवर आलात, जेवायला थांबलोय' हा फोन दर तासाला करू नका. आणि निघणाऱ्यांनो, तुम्ही त्यांना पोचायची वेळ कळवू नका, फक्त पुढचा थांबा कळवा.