शिट्टी वाजली, तोफा गप्प!

नुसती शिट्टी वाजवून किल्ल्यावरच्या तोफा गप्प ठेवता येतात का रे? रॉबर्ट स्मॉल्सने ठेवल्या होत्या. तेही भर युद्धात!

गोष्ट आहे १८६२ सालची, अमेरिकेतली. दक्षिणेकडची राज्यं गुलामगिरी सोडायला तयार नव्हती. ती देशातून फुटून निघाली आणि उत्तर-दक्षिण अशी लढाई जुंपली. चार्ल्स्टन बंदरात दक्षिणेच्या सैन्याची 'प्लँटर' नावाची आगबोट तोफा आणि सामान वाहायची. तिचं सुकाणू असायचं २३ वर्षांच्या रॉबर्टच्या हाती. गाळ कुठे, खोल पाणी कुठे, सगळं त्याला तोंडपाठ. पण तो काळा आणि गुलाम. मजुरीतला मोठा वाटा मालकाच्या खिशात जायचा.

१२ मेच्या रात्री बोटीवरचे गोरे अधिकारी झोपायला गावात गेले. झालं! रॉबर्टने आणि त्याच्या सोबत्यांनी पहाटे बॉयलर पेटवला, लपून बसलेल्या बायकामुलांना बोटीवर घेतलं आणि समुद्राची वाट धरली. वाटेत किल्ले, किल्ल्यांवर तोफा. रॉबर्टने कॅप्टनची गवती हॅट डोक्यावर चढवली आणि त्याच्याच ऐटीत उभा राहिला. समटर किल्ल्यासमोर येताच ठरलेला इशारा दिला. वाफेची शिट्टी, दोनदा लांब, एकदा आखूड. अंधारात पहारेकऱ्यांना वाटलं, बोट आपलीच, जाऊ दे!

तोफांचा टप्पा ओलांडल्यावर दक्षिणेचा झेंडा उतरला आणि काठीवर पांढरी चादर चढली. समोर उत्तरेचं 'ऑनवर्ड' जहाज तोफा रोखून तयारच होतं. ती चादर वेळेवर दिसली म्हणून बरं! बोटीवरची १६ माणसं त्या पहाटे स्वतंत्र झाली. रॉबर्ट पुढे चक्क अमेरिकेच्या संसदेत निवडून गेला.

आता पुढची गंमत ऐका. अमेरिकन नौदलाकडे १७३ मीटर लांबीची एक क्रूझर होती, नाव 'चान्सलर्सव्हिल'. गुलामगिरीच्या बाजूने लढणाऱ्या सैन्याने १८६३ साली जिंकलेल्या लढाईचं हे नाव. २०२३ साली ते पुसून तिथे नवं नाव लिहिलं गेलं : 'रॉबर्ट स्मॉल्स'!

पण जहाजाचं नाव ठरवतं कोण? अमेरिकेत हा मान नौदल सचिवांचा. मग जहाजाचं बारसं होतं. आपल्याकडे नारळ फोडतात, तिकडे जहाजाच्या नाकाडावर शॅम्पेनची बाटली फोडतात. १९४३ साली असंच एक बारसं लिओनार्ड हारमनच्या आईच्या हस्ते झालं. तिचा मुलगा त्या वेळी जिवंत नव्हता. तो 'सॅन फ्रान्सिस्को' या युद्धनौकेवर मेस अटेंडंट होता. दुसऱ्या महायुद्धात, नोव्हेंबर १९४२ मध्ये, ग्वादलकनाल बेटाजवळच्या लढाईत जखमींवर उपचार करणाऱ्या सोबत्याला वाचवण्यासाठी तो गोळ्यांसमोर आडवा उभा राहिला आणि मारला गेला. 'हारमन' ही काळ्या अमेरिकन माणसाचं नाव मिळालेली त्या नौदलाची पहिली युद्धनौका.

मेस अटेंडंट म्हणजे जेवण वाढायचं, भांडी घासायची, अधिकाऱ्यांचे कपडे गोळा करायचे. त्या काळी नौदलात काळ्या तरुणांच्या वाट्याला बहुतेक हेच काम यायचं. डोरिस मिलरही हेच करायचा. ७ डिसेंबर १९४१ ला सकाळी पर्ल हार्बर या अमेरिकन नौदल तळावर 'वेस्ट व्हर्जिनिया' नौकेवर तो धुण्याचे कपडे गोळा करत होता. इतक्यात जपानी विमानांचा हल्ला झाला. डोरिस होता बोटीवरचा बॉक्सिंग चॅम्पियन, अंगाने दणकट. त्याने जखमींना उचलून हलवलं. मग त्याने विमानविरोधी मशीनगन हातात घेतली. ती चालवायला त्याला कुणी शिकवलेलंच नव्हतं! तरी गोळ्या संपेपर्यंत तो लढला. त्याच्या छातीवर 'नेव्ही क्रॉस' पदक लावलं खुद्द ताफ्याचे प्रमुख ॲडमिरल निमिट्झ यांनी. १९४३ साली 'लिस्कम बे' हे जहाज पाणबुडीच्या हल्ल्यात बुडालं, त्यात डोरिस गेला.

निमिट्झ यांच्या नावाची विमानवाहू नौका आहे. आता डोरिसच्या नावाचीही होणार आहे! अशा नौकांना एरवी राष्ट्राध्यक्षांची किंवा बड्या नेत्यांची नावं मिळतात. साध्या खलाशाला हा मान पहिल्यांदाच मिळतोय. २०२० मध्ये घोषणा झाली आणि व्हर्जिनिया राज्यात बांधणी सुरू आहे. लांबी सुमारे ३३३ मीटर, वजन सुमारे एक लाख टन.

एवढी जड नौका कुठल्या काट्यावर मोजतात? कुठल्याच नाही! तरंगणारं जहाज आपल्या वजनाइतकंच पाणी बाजूला सारतं. म्हणून ते किती खोल बुडालंय ते पाहायचं, बाजूला सरलेल्या पाण्याचा हिशेब करायचा की वजन कळलं. हे आर्किमिडीजचं तत्त्व. या नौकेवरून विमानं उडवायला विद्युतचुंबकाचा झटका वापरणार आहेत. धावपट्टीखालच्या वेटोळ्यांतून ओळीने वीज सोडली की चुंबकाचं बळ पुढेपुढे सरकत जातं आणि विमानाला ओढून भिरकावतं.

आपल्याकडेही मुंबईत मुख्यालय असलेल्या शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने तेलवाहू जहाजांना परमवीर चक्र विजेत्यांची नावं दिली होती. त्यात पारशी ले. कर्नल तारापोर होते, मुस्लीम हवालदार अब्दुल हमीद होते आणि आदिवासी लान्स नाईक अल्बर्ट एक्काही होते.

नाव बदललं म्हणून जहाजाचा वेग वाढत नाही. पण ज्यांचं शौर्य बराच काळ कुणी मोजलंच नाही, त्यांचं नाव बंदराबंदरांत पोचतं. तेव्हा धक्क्यावर जहाज दिसलं तर आधी त्याचं नाव वाचा आणि घरी येऊन शोधा, हा माणूस कोण होता? सापडलं तर आम्हाला पत्राने जरूर कळवा!