अंधाऱ्या गावाकडून आकाशाचे छायाचित्रण

दोन अडचणी

रात्रीच्या आकाशाचे छायाचित्रण म्हणजे फार थोडा प्रकाश, फिरत्या पृथ्वीवर उभे राहून, बराच वेळ गोळा करणे. प्रकाश थोडा आहे म्हणून शटर उघडे ठेवावे लागते आणि पृथ्वी फिरते म्हणून ते फार वेळ उघडे ठेवता येत नाही. जागा, तिथी, लेन्स, आयएसओ आणि नंतरचे संगणकावरचे काम यांविषयीचे सगळे नियम या ओढाताणीतून निघतात. हे ध्यानात असेल तर नियम पाठ करावे लागत नाहीत.

जागा आणि दिशा

शहराचा प्रकाश हवेतील धुळीवर व बाष्पावर विखुरतो आणि क्षितिजावर उजळी तयार होते. पांढऱ्या एलईडीतील निळा अंश सर्वाधिक विखुरतो. आकाश किती काळे आहे हे सांगण्यासाठी जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये नऊ पायऱ्यांची श्रेणी मांडली. पहिल्या पायरीवर निखळ अंधार असतो, तर नवव्या पायरीवर महानगराचे आकाश. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतील दिवे बदलून प्रकाश जमिनीकडेच पडेल अशी व्यवस्था झाली. गावातले दिवे न विझवताही आकाश वाचवता येते, हे या कामाने दाखवून दिले. त्याचे मोल मोठे आहे.

अंधाराइतकीच दिशाही महत्त्वाची आहे. आकाशगंगेचा सर्वांत तेजस्वी भाग आपल्याकडून दक्षिणेला दिसतो. पेंच नागपूरच्या उत्तरेला असल्याने नागपूरची उजळी नेमकी त्याच बाजूला येते. पुण्याहून भोरच्या दिशेने गेल्यास उलट घडते. शहर पाठीशी, उत्तरेला राहते. नकाशा पाहताना अंतर मोजण्याआधी शहर कोणत्या बाजूला आहे ते पाहावे.

आकाशगंगेचा हंगाम

आकाशगंगेचे केंद्र धनू राशीत, वृश्चिकाच्या नांगीजवळ आहे. मूळ नक्षत्र ओळखता आले की ते सापडतेच. खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेला ते सुमारे २९ अंशांवर असल्याने पुण्याच्या अक्षांशावरून क्षितिजापासून सुमारे ४२ अंश उंच चढते. लंडनहून तेच केंद्र जेमतेम १० अंशांवर येते. परदेशी पुस्तकांतील आणि चित्रफितींतील वेळापत्रके इथे जशीच्या तशी लागू पडत नाहीत, त्याचे हे एक कारण.

दुसरे कारण मॉन्सून. जुलै-ऑगस्टमध्ये हे केंद्र रात्रीच्या पहिल्या प्रहरातच दक्षिणेला उंच असते, पण तेव्हा महाराष्ट्रावर ढग असतात. त्यामुळे हंगामाचे दोन तुकडे पडतात. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात केंद्र रात्री पावणेदोनच्या सुमारास उगवते आणि पहाटेपूर्वी चांगले वर येते. मेच्या त्याच सुमारास ते रात्री पावणेदहालाच उगवते आणि तीनच्या आसपास सर्वांत उंच असते. मात्र मेमध्ये हवेत धूळ फार. पावसाने हवा धुऊन काढल्यानंतरचा ऑक्टोबर हा दुसरा तुकडा. तेव्हा केंद्र अंधार पडताच नैर्ऋत्येकडे दिसते व साडेनऊनंतर मावळते. वेळ थोडा असला तरी नवशिक्यासाठी हा काळ उत्तम, कारण जागरण लागत नाही.

हिवाळ्यात केंद्र नसले तरी मृग, व्याध, रोहिणी, कृत्तिका आहेत. मृगातील तेजोमेघ साध्या ५० मिलिमीटर लेन्सनेही गुलाबी ठिपक्यासारखा उमटतो.

तिथी

या कामासाठी लागणारे सर्वांत उपयुक्त साधन घराच्या भिंतीवरच असते. मराठी दिनदर्शिकेत अमावास्या तर असतेच, शिवाय संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळही छापलेली असते. त्यानंतर चंद्र रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो, एवढे धरले की उरलेल्या रात्रींचा हिशेब जमतो. कृष्ण पक्षात अंधार रात्रीच्या सुरुवातीला मिळतो, शुक्ल पक्षात चंद्रास्तानंतर. त्यामुळे मार्च-एप्रिलच्या पहाटेच्या आकाशगंगेसाठी अमावास्येपासून शुक्ल सप्तमीपर्यंतच्या रात्री निवडाव्यात, तर ऑक्टोबरच्या संध्याकाळसाठी कृष्ण षष्ठीपासून अमावास्येपर्यंतच्या. दिवाळीची अमावास्या तिथीने योग्य असली तरी फटाक्यांच्या धुरामुळे वाया जाते.

सूर्य क्षितिजाखाली १८ अंश गेल्यावरच आकाश पूर्ण काळे होते. आपल्या अक्षांशांवर सूर्यास्तानंतर त्याला साधारण सव्वा तास लागतो. चंद्र नेहमीच शत्रू मानू नये. अष्टमीचा अर्धा चंद्र पौर्णिमेच्या निम्मा नव्हे, जेमतेम एक-दशांश प्रकाश देतो. गडाची तटबंदी किंवा देवळाचा कळस चित्रात हवा असेल तर एवढा प्रकाश मदतीचाच ठरतो.

कॅमेरा आणि लेन्स

शटर, ॲपर्चर आणि आयएसओ हाताने ठरवता येणारा कोणताही कॅमेरा, डगमगणार नाही असा ट्रायपॉड आणि रुंद कोनाची लेन्स एवढ्यावर सुरुवात होते. खर्च करायचाच असेल तर आधी लेन्सवर करावा. एफ/१.८ची लेन्स एफ/३.५च्या तुलनेत जवळजवळ चौपट प्रकाश आत घेते. कॅमेरा बदलून इतका फरक सहसा पडत नाही.

एक्स्पोजर

पृथ्वीच्या फिरण्यामुळे तारा दर सेकंदाला सुमारे १५ विकला सरकतो. तो रेघेसारखा दिसू नये म्हणून ‘५००चा नियम’ वापरतात: ५०० भागिले लेन्सची फोकल लांबी, इतके सेकंद. सेन्सर लहान असेल तर फोकल लांबीला आधी दीडने गुणायचे. १८ मिलिमीटरसाठी उत्तर सुमारे १८ सेकंद येते. हा नियम फिल्मच्या काळातला आहे. २४ मेगापिक्सेलच्या अशा सेन्सरवर १८ सेकंदांत ताऱ्याची रेघ सहा पिक्सेलपर्यंत लांबते. मोबाइलच्या पडद्यावर ती खपते, मोठ्या छपाईत खपत नाही. १० सेकंदांत तीच रेघ तीन-साडेतीन पिक्सेलची होते. ध्रुवाजवळचे तारे कमी सरकतात, त्यामुळे उत्तरेकडे थोडी सवलत मिळते.

ॲपर्चर शक्य तितके उघडे आणि आयएसओ १६०० ते ६४०० ठेवून चाचणी घ्यावी. आयएसओ वाढवल्याने प्रकाश वाढत नाही. मिळालेला संकेत फक्त मोठा करून नोंदला जातो. फाइल रॉ स्वरूपातच ठेवावी. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा मावतात, १४ बिटांच्या रॉमध्ये १६ हजारांहून अधिक. अंधुक आकाशातील भेद याच जादा छटांमध्ये असतात.

फोकस

लेन्सवरील अनंताच्या खुणेवर विसंबू नये. ऑटोफोकस बंद करून एखादा तेजस्वी तारा पडद्यावर मोठा करून पाहावा आणि तो सर्वांत लहान ठिपका होईपर्यंत कडे फिरवावे. नंतर कड्यावर चिकटपट्टी लावणे चांगले. रात्र गार होत जाते तसा फोकस सरकू शकतो, म्हणून अधूनमधून तपासणी हवी.

गाव, दव आणि डोळे

अनोळखी माणसे रात्री शिवारात विजेऱ्या घेऊन फिरू लागली की गावात संशय येणे स्वाभाविक आहे. उजेडी जाऊन पोलीस पाटलांना किंवा शेतमालकाला सांगून ठेवणे हा तयारीचाच भाग मानावा. बिबट्याचा वावर आणि सापांची ठिकाणेही तेथेच कळतात. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला अर्धा तास लागतो आणि पांढऱ्या प्रकाशाने ती क्षणात मोडते. म्हणून तांबड्या प्रकाशाची मंद विजेरी वापरतात. हिवाळ्यात लेन्सवर दव धरते. ती किंचित उबदार ठेवणारा पट्टा बांधला की ते टळते.

अनेक चित्रांची बेरीज

एका चित्रात प्रकाश कमी आणि दाणेदारपणा फार. तीच चौकट १६ वेळा टिपून तारे एकमेकांवर बसवून सरासरी काढली, तर दाणेदारपणा चौथाईवर येतो, कारण तो चित्रसंख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. जमीन मात्र या क्रियेत पुसट होते, म्हणून ती वेगळी हाताळावी लागते. रेघा हव्याच असतील तर हीच चित्रे तारे न जुळवता रचतात. तासाभरात प्रत्येक तारा ध्रुवाभोवती १५ अंशांचा कंस काढतो.

त्यापुढची पायरी म्हणजे पृथ्वीच्या गतीने उलट फिरणारा ट्रॅकर. त्याने मिनिटांचे एक्स्पोजर घेता येते, पण त्याचा अक्ष उत्तर ध्रुवबिंदूकडे अचूक रोखावा लागतो. ध्रुव तारा त्या बिंदूपासून एक अंशाहूनही जवळ असल्याने त्याची क्षितिजापासूनची उंची जवळजवळ त्या जागेच्या अक्षांशाइतकीच असते: नागपूरला २१ अंश, पुण्याला साडेअठरा, सिंधुदुर्गात १६च्या आसपास. सह्याद्रीच्या खोऱ्यात उत्तरेची एखादी डोंगरधारही त्याला झाकू शकते. ट्रॅकर वापरायचा असेल तर दक्षिणेबरोबर उत्तरही मोकळी असलेला माळ दिवसाच हेरून ठेवावा लागतो.