गाडीच्या बॅटरीवर रात्रभर ऑक्सिजन चालेल का?

मागच्या व्याख्यानानंतर धडगावकडच्या एका श्रोत्याने विचारलेला प्रश्न आज आम्ही मुद्दाम पूर्ण वेळासाठी घेतला आहे. त्यांच्या घरी आबांना दम्याचा जुना आजार, रात्री ऑक्सिजनचं मशीन लागतं. पावसाळ्यात झाड तारेवर पडलं की लाईट जाते, आणि घाटात, अंधारात, पावसात वायरमन तरी किती धावणार? मुलाने शहाद्यात हायब्रीड गाडी घेतली आहे. "एवढी मोठी बॅटरी दारात उभी आहे, तिच्यावर मशीन नाही का चालणार?" असा साधा प्रश्न.

उत्तर एका शब्दात देता येत नाही. मशीन कोणतं, गाडी कोणती आणि जोडणी कुठून, या तीन गोष्टींवर ते अवलंबून आहे. आणि चुकलं तर आबांचा जीव मशीन बंद पडल्यानेही जाऊ शकतो आणि गाडीच्या धुरानेही. म्हणून जरा सावकाश जाऊ.

आधी मशीन. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर ऑक्सिजन तयार करत नाही, हवेतला वेगळा काढतो. आत झिओलाइट नावाचे दाणे असतात. हवा दाबाखाली त्यांच्यातून सोडली की नायट्रोजन त्यांना चिकटतो आणि ऑक्सिजन पुढे जातो. दाब काढला की नायट्रोजन सुटतो आणि पुन्हा तेच चक्र. कोविडच्या काळात, २०२०-२१ मध्ये, डॉ. राजेंद्र भारूड जिल्हाधिकारी असताना नंदुरबारला हवेतून ऑक्सिजन काढणारे प्रकल्प उभे राहिले, देशभर त्यांची चर्चा झाली. ते आठवत असतील तर लक्षात घ्या, तत्त्व तेच, फक्त हे मशीन खाटेशेजारी मावतं. यात सगळी वीज खातो तो हवा दाबणारा कॉम्प्रेसर. मिनिटाला ५ लिटरचं मशीन साधारण ३०० ते ३५० वॅट घेतं. आणि काटा २ लिटरवर आणला म्हणून बहुतेक मशीनांचा वीजखर्च फारसा उतरत नाही, कॉम्प्रेसर तेवढाच चालतो. हे पुष्कळांना माहीत नसतं.

आता वीजबिलाच्या भाषेत बोलू. ३५० वॅट, ८ तास, म्हणजे २८०० वॅट-तास, म्हणजे २.८ युनिट. याउलट झोपेत श्वास अडकणाऱ्या लोकांचं सीपॅप मशीन घ्या. पाणी गरम करणारा भाग बंद ठेवला तर ते ३०-४० वॅटवर भागवतं, रात्रभरात पाव ते तिसरा हिस्सा युनिट. दोन्ही "श्वासाची मशीनं", पण भुकेत आठ-दहा पटींचा फरक! त्यामुळे कुणी सांगितलं की "आमच्याकडे गाडीवर चालतं", तर पहिला प्रश्न हाच विचारा, की कोणतं मशीन?

आता गाडी. मागच्या काचेखाली हायब्रीड लिहिलेलं असतं, पण त्या एका शब्दाखाली फार वेगवेगळी जनावरं आहेत. एर्टिगासारख्या 'स्मार्ट हायब्रीड' गाडीत जादा दिलेली लिथियम बॅटरी १२ व्होल्ट, ६ अँपिअर-तास, म्हणजे ०.०७ युनिट. सीपॅपला ती दोन तासही पुरायची नाही. ग्रँड व्हिटाराच्या पूर्ण हायब्रीडमध्ये १७७.६ व्होल्टची सुमारे पाऊण युनिटची बॅटरी आहे. इनोव्हा हायक्रॉसमध्ये १.२ व्होल्टचे १६८ निकेल सेल एकापुढे एक जोडलेले आहेत. २०१.६ व्होल्ट, ६.५ अँपिअर-तास, म्हणजे १.३ युनिट. त्यातलंही सगळं वापरायला मिळत नाही. गाडीचा संगणक बॅटरी फार उतरू देत नाही आणि पूर्ण भरूही देत नाही, मधल्याच पट्ट्यात खेळवतो. तेव्हा श्रोत्यांच्या "एवढी मोठी बॅटरी"चं खरं माप अर्ध्या युनिटाच्या आसपास निघतं. घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासाची बॅटरी कागदावर १.८ युनिटची असते. म्हणजे ती हिच्यापेक्षा मोठी झाली!

मग हायब्रीडचा उपयोग काय? उपयोग बॅटरीत नाही, टाकीत आहे. गाडी 'रेडी' करून ठेवली की मोठ्या बॅटरीतून १२ व्होल्टची छोटी बॅटरी भरत राहते. मोठी उतरली की इंजिन आपोआप सुरू होतं, काही मिनिटं चालून तिला भरतं आणि पुन्हा थांबतं. साधी गाडी रात्रभर जागेवर चालू ठेवली तर तासाला पाऊण-एक लिटर पेट्रोल पिते. इथे इंजिन लागेल तेवढंच चालतं. एक लिटर पेट्रोलमध्ये ९ युनिटच्या आसपास ऊर्जा असते, त्यातली विजेत उतरते साधारण २ युनिट. कॉन्सन्ट्रेटरचे २.८ युनिट, इन्व्हर्टरमधली गळती, शिवाय गाडीचे स्वतःचे संगणक, पंप वगैरे रात्रभर खातात ते दीडेक युनिट. बेरीज ५ च्या घरात, म्हणजे अडीच-तीन लिटर पेट्रोल. एसी बंद हवा, हे सांगायला नको.

ही काही कल्पनेतली गोष्ट नाही. जपानमध्ये एस्टिमा हायब्रीडला १०० व्होल्टचं, १५०० वॅटपर्यंतचं घरगुती सॉकेट कंपनीनेच दिलेलं होतं. मार्च २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर जिथे वीज नव्हती तिथे या गाड्यांनी वीज पुरवली. आपल्याकडे आता नेक्सॉनसारख्या काही विजेवरच्या गाड्यांना बाहेरचं उपकरण चालवायची सोय आहे. तसं कंपनीचं सॉकेट असेल तर निम्मं व्याख्यान तुम्हाला लागू नाही. नसेल तर पुढचं नीट ऐका.

गाडीतल्या सिगारेट लायटरच्या सॉकेटला बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज असतो. त्यातून १२० वॅटच्या आत-बाहेरच मिळतं. सीपॅप त्याच्या कंपनीच्या डीसी केबलवर इथे छान चालतं. कॉन्सन्ट्रेटर चालणार नाही, फ्यूज उडेल. त्याला १२ व्होल्टवर ३० अँपिअरहून जास्त लागतात आणि कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर दुप्पट-तिप्पट. म्हणून हजार वॅटचा, शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर थेट १२ व्होल्टच्या बॅटरीवर, बॅटरीजवळ फ्यूज घालून, जाड तारेने जोडायचा. तोही ऑटो-इलेक्ट्रिशियनकडून, आणि आधी गाडीच्या सर्व्हिसवाल्याला विचारून, कारण तिथून किती प्रवाह ओढता येतो ते गाडीगणिक बदलतं. इन्व्हर्टर गाडीपाशीच ठेवा आणि घरात २३० व्होल्टची वायर न्या. उलटं केलं, म्हणजे १२ व्होल्टची लांब वायर घरात ओढली, तर दाब वाटेतच पडतो आणि तार तापते.

आणि नारिंगी वायर. हायब्रीड गाडीत नारिंगी रंगाची जाड केबल दिसली की हात मागे. आत २०० व्होल्ट डीसी आहे. कुणी हुशार मेकॅनिक म्हणाला की मोठ्या बॅटरीवरच डायरेक्ट टाकून देतो, तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

आमची स्वतःची एक फजिती सांगतो. पहिल्यांदा प्रयोग केला तेव्हा आम्ही गाडी 'रेडी' न करता नुसती ॲक्सेसरीवर ठेवली. सॉकेट चालू, सीपॅप चालू, आम्ही खूश. पहाटे चारला सगळं बंद. झालं असं, की मोठी बॅटरी जोडलेलीच नव्हती, सगळा भार छोट्या १२ व्होल्टवर होता, ती संपली. आणि ती संपली की हायब्रीड सुरूच होत नाही, कारण संगणक आणि रिले तिच्यावरच उठतात. आमचा प्रयोग होता म्हणून हसू आलं. आबांच्या घरी हे झालं असतं तर मशीन बंद, आणि दवाखान्यात न्यायची गाडीही बंद. गिअर 'पी'मध्येच ठेवा, हँडब्रेक ओढा. न्यूट्रलमध्ये ठेवली तर इंजिन चालूनही मोठी बॅटरी भरत नाही. काही गाड्या ठरावीक वेळाने स्वतःहून बंद होतात, तेव्हा ही तालीम एकदा जागेपणी, दिवसा करून बघा.

आता धुराचं. हायब्रीड शांत उभी असते, माणूस विसरतो की ती केव्हाही सुरू होणार आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेत टेक्ससला थंडीत वीज गेली, लोकांनी बंद गॅरेजमध्ये गाड्या चालू ठेवल्या आणि कार्बन मोनॉक्साइडने काहींचे जीव गेले. या वायूला वास नाही, रंग नाही. आमच्याकडे गॅरेज नाही म्हणाल, पण धडगाव-अक्कलकुव्याकडची घरं कुडाची, भिंतीला फटी. गाडी पडवीला लावून उभी केली आणि वारा घराकडे असला तर धूर सरळ आत. आणि मशीन ती आतली हवाच ओढतं! झिओलाइट नायट्रोजन धरतो, हा वायू अडेल अशा भरवशावर राहू नका. गाडी उघड्यावर, घरापासून लांब, सायलेन्सर घराच्या उलट दिशेला. खाली कडबा किंवा पाचट नको, तापलेल्या सायलेन्सरने पेट घेईल. मुसळधार पावसात इन्व्हर्टर झाकायचा तर पत्र्याखाली, पण हवा खेळती. घरात चूल पेटती असेल तर ऑक्सिजनची नळी तिच्यापासून दूर, हे वेगळं सांगतो, कारण नळीच्या टोकाशी ठिणगी भडकते.

इतकं ऐकून तुम्ही विचाराल, मग तुमचा सल्ला काय? आमचं मत स्पष्ट आहे. सीपॅप असेल तर हायब्रीड गाडी खरोखर कामाची. ऑक्सिजन असेल तर गाडी तिसऱ्या नंबरावर. पहिला नंबर सिलिंडरचा. छोटा बी-टाइप सिलिंडर सुमारे १५०० लिटरचा असतो. मिनिटाला २ लिटरने ७५० मिनिटं, म्हणजे साडेबारा तास. ना वीज, ना पेट्रोल, ना धूर. दुसरा नंबर घरच्या इन्व्हर्टरचा, पण एका १५० अँपिअर-तासाच्या बॅटरीवर कॉन्सन्ट्रेटर तीनेक तासच जातो, तेवढ्यात सिलिंडर लावायचा. आणि सिलिंडरची चावी सिलिंडरलाच सुतळीने बांधून ठेवा. आम्ही पाहिलेल्या घरांत सिलिंडर असतो, रेग्युलेटर असतो, चावी सापडत नाही.

शेवटी एक प्रश्न चिठ्ठीवर आला आहे, "आमच्याकडे हायब्रीड नाही, जुनी बोलेरो आहे." बोलेरोवरही सीपॅप चालेल, पण इंजिन मधूनमधून तुम्हालाच सुरू करावं लागेल, कारण ती स्वतः उठणार नाही. दोघांनी पाळी लावून जागायचं, तासाभराने वीस मिनिटं इंजिन, आणि रात्रीच्या सुरुवातीला टाकी निम्म्याच्या वर. डोंगरात लाईट दुसऱ्या दिवशीही आली नाही, तर याच गाडीने आबांना खाली आणायचं आहे. तेवढं डिझेल बाजूला धरूनच हिशेब करा.