स्वयंपाकातले विज्ञान, लेखांक ७ : ओव्हनमधला बटाटा आधी पाण्यात

भाजलेल्या बटाट्याच्या फोडी बाहेरून काळपट आणि आतून कच्च्या निघाल्या की दोष ओव्हनला दिला जातो. माझ्या मते कारण बहुधा बटाट्यातच असते. पुण्याजवळच्या मोशीच्या उपबाजारातून घरी येणारा बटाटा वर्षभर एकसारखा नसतो. आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावरचा खरीप बटाटा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास काढला जातो आणि ताजा असतानाच बाजारात येतो. इतर महिन्यांत आग्रा, इंदूर, गुजरातकडचा माल येतो आणि त्यातला बराचसा शीतगृहात राहिलेला असतो. तिथे २ ते ४ अंश सेल्सिअसला बटाट्याला कोंब फुटत नाहीत, पण त्याच्या पिष्टातून साखर तयार होत राहते. ही साखर कोरड्या आचेवर झपाट्याने करपते. वेफर्सचा बटाटा १० ते १२ अंशांवर साठवतात तो यासाठीच. घरीही बटाटा फ्रीजमध्ये ठेवू नये, टोपलीतच बरा.

घेतलेला बटाटा कोणत्या वाटेने आला, हे गिऱ्हाइकाला सहसा कळत नाही. म्हणून फोडी आधी उकळाव्यात. अर्धा किलो बटाट्याच्या मोठ्या फोडी लिटरभर पाण्यात चमचाभर मीठ आणि पाव चमचा खायचा सोडा घालून, उकळी आल्यापासून आठ-दहा मिनिटे शिजवाव्यात. वरच्या थरातली काही साखर पाण्यात उतरते. सोड्याने पेक्टिन सैल होऊन कडा विरघळू लागतात. पाणी निथळून वाफ पूर्ण जाऊ द्यावी, मग झाकण ठेवून पातेले हलवावे. फोडींवर पिष्टाचा जो खरबरीत लेप चढतो, त्याचाच पुढे कुरकुरीत पापुद्रा होतो. दोन मोठे चमचे तेल लावून, एकमेकींना न चिकटवता २०० अंशांवर पस्तीस-चाळीस मिनिटे ठेवाव्यात आणि मध्ये एकदा उलटाव्यात. लसूण आणि तिखट शेवटच्या पाच मिनिटांत घालावे. आधी घातले तर ते कडवट होते.

कुणी म्हणेल, तव्यावरच्या काचऱ्या याहून सोप्या. दोघांपुरते तोंडीलावणे असेल तर हे मान्य. १५०० वॅटचा ओव्हन पन्नास मिनिटे चालला तर सव्वा युनिटपर्यंत वीज जाते. थर्मोस्टॅट मधूनमधून बंद होत असल्याने प्रत्यक्षात काहीशी कमी, तरी मूठभर फोडींसाठी ती जास्तच. पण पाच-सहा पानांना काचऱ्या करायच्या तर कढईपाशी उभे राहून त्या परतत राहाव्या लागतात. ओव्हनमध्ये तोच वेळ भाकऱ्यांना मिळतो. उकळताना काही ‘क’ जीवनसत्त्व पाण्यात जाते, हा आक्षेप खरा आहे आणि ते नुकसान भरून काढता येत नाही. मात्र पिष्टमय पदार्थ फार तापल्यावर त्यांत अ‍ॅक्रिलामाइड हे आरोग्याला घातक मानले जाणारे रसायन तयार होते, असे स्वीडिश संशोधकांनी २००२ मध्ये दाखवून दिले आणि तेही बटाट्यातल्या याच साखरेतून वाढते. उकळल्याने साखर कमी होते. त्यामुळे उकळण्याचे पारडे मला जड वाटते. फोडी सोनेरी झाल्या की लगेच बाहेर काढाव्यात, तपकिरी होईपर्यंत थांबू नये.