इनपुटने ‘नाही’ म्हणायलाही शिकावे

झाशीचे ओरछा गेट म्हटले की मराठी वाचकाला १८५८ चा वेढा आठवतो. नेवाळकरांच्या शहराला जो तट होता, त्याच्या दरवाजांपैकी हा एक. आज त्या तटाबाहेर पसरलेली झाशी यंत्रांवर जगते. रेल्वेचा जुना वॅगन वर्कशॉप, डिझेल आणि विजेच्या इंजिनांची शेड, खैलारला ट्रान्सफॉर्मर आणि रेल्वे इंजिने बनवणारा ‘भेल’चा कारखाना, बेतवेच्या बाजूला पारीछाचे औष्णिक वीजकेंद्र. अशा ठिकाणी काम करणाऱ्या कंट्रोल इंजिनीअरला एका प्रश्नाला सतत तोंड द्यावे लागते: समोरच्या वायरवर किती व्होल्ट आहेत?

कारण उत्तर जागेनुसार बदलते. कारखान्यातल्या पीएलसीला, म्हणजे यंत्रे चालवणाऱ्या नियंत्रकाला, सहसा २४ व्होल्ट डीसी लागतात. जुन्या डिझेल इंजिनांचा कंट्रोल सप्लाय ७२ व्होल्टचा, विजेच्या इंजिनांचा ११० चा. वीजकेंद्रे आणि उपकेंद्रांत बॅटरी बहुधा ११० किंवा २२० व्होल्टची असते. जुन्या पॅनेलमध्ये २३० व्होल्ट एसीही सापडतात. प्रत्येकासाठी वायरवरचा संकेत वाचणारे वेगळे इनपुट कार्ड ठेवायचे म्हटले तर स्टोअरमध्ये पाच प्रकारचे सुटे भाग साठवावे लागतात, आणि रात्री दोन वाजता नेमके हवे तेच कार्ड शिल्लक नसते. म्हणून ‘कोणतेही व्होल्टेज चालेल’ असे इनपुट सगळ्यांना हवे असते. ते बनवता येते. मात्र त्यातला अवघड भाग बहुतेकांना वाटतो तिथे नाही.

उष्णतेचा हिशेब

डिजिटल इनपुटचे काम वरवर सोपे आहे. लिमिट स्विच मिटला की टर्मिनलवर व्होल्टेज येते, कार्डावरचा दिवा लागतो आणि प्रोसेसरला ‘१’ कळतो. २४ व्होल्टच्या साध्या इनपुटसाठी आंतरराष्ट्रीय मानक सांगते की १५ ते ३० व्होल्ट म्हणजे ‘चालू’ आणि ५ व्होल्टच्या खाली ‘बंद’. मधल्या पट्ट्यात कार्ड काय म्हणेल याची हमी नाही.

आता हेच इनपुट २२० व्होल्टवर चालवायचे आहे. आत १० किलोओहमचा रेझिस्टर आहे असे धरू. २४ व्होल्टला त्यातून २.४ मिलिअँपिअर करंट जातो आणि उष्णता नगण्य असते. २२० व्होल्टला करंट २२ मिलिअँपिअर होतो आणि एका चॅनेलवर ४.८४ वॉट जळतात. सोळा चॅनेलचे कार्ड असेल तर ७७ वॉट. बंद पॅनेलमध्ये, बुंदेलखंडातल्या मे महिन्यात, हे कार्ड फार दिवस टिकणार नाही.

यावरचा उपाय म्हणजे करंट बांधून ठेवणे. डिप्लीशन प्रकारचा मॉस्फेट आणि त्याच्या सोर्सला एक छोटा रेझिस्टर एवढ्यावर व्होल्टेज कितीही वाढले तरी करंट अडीच मिलिअँपिअरच्या आसपास राहतो. २२० व्होल्टला प्रत्येक चॅनेलवर फक्त ०.५५ वॉट, सोळांवर ९ वॉटच्या आत. पुढे ऑप्टोकपलर किंवा डिजिटल आयसोलेटर लावून बाहेरची वायर आणि आतला प्रोसेसर वेगळे ठेवायचे, आणि सर्जसाठी व्हॅरिस्टर द्यायचा. ‘२४ ते २५० व्होल्ट’ असे लेबल आता लावता येते, आणि बरेच जण इथेच थांबतात.

खोटा ‘चालू’

खरी परीक्षा यापुढे आहे. उपकेंद्रातल्या बॅटरीचे कोणतेच टोक जमिनीला थेट जोडलेले नसते. अर्थ फॉल्ट शोधणारी यंत्रणा बॅटरीचा मध्य मोठ्या रेझिस्टरमार्फत जमिनीशी बांधते, त्यामुळे दोन्ही टोके जमिनीपासून अर्ध्या व्होल्टेजवर असतात. आता केबल ट्रेंचमध्ये पावसाचे पाणी शिरले आणि इनपुटकडे जाणाऱ्या वायरचे इन्सुलेशन गेले, तर स्विच उघडा असूनही त्या इनपुटवर बॅटरीचे अर्धे व्होल्टेज दिसू शकते. इनपुटने त्याला ‘चालू’ मानले तर ब्रेकर विनाकारण ट्रिप होतो आणि गावे अंधारात जातात.

म्हणून ज्या व्होल्टला इनपुट ‘चालू’ म्हणते तो थ्रेशोल्ड बॅटरीच्या अर्ध्याहून वर आणि तिच्या किमान पातळीहून खाली हवा. बॅटरी ८० ते ११० टक्क्यांत हलते असे धरून आकडे मांडू. २२० व्होल्टसाठी थ्रेशोल्ड १२१ ते १७६ च्या मध्ये हवा. ११० व्होल्टसाठी तो साडेसाठ ते ८८ च्या मध्ये हवा. हे दोन पट्टे एकमेकांना कुठेच शिवत नाहीत. म्हणजे दोन्हीकडे सुरक्षित असा एक ठराविक थ्रेशोल्ड असूच शकत नाही. १५ व्होल्टला ‘चालू’ म्हणणारे ‘सर्वत्र चालणारे’ कार्ड २२० व्होल्टच्या उपकेंद्रात लावणे धोक्याचे आहे.

मग कार्डाने स्वतःच व्होल्टेज ओळखावे का? तेही बेभरवशाचे. रेल्वेच्या उपकरणांचे मानक सप्लाय सत्तर टक्क्यांपासून सव्वापटीपर्यंत हलण्याची मुभा देते. ७२ व्होल्टचा सप्लाय ९० पर्यंत चढू शकतो आणि ११० चा ७७ पर्यंत उतरू शकतो. टर्मिनलवर ८५ व्होल्ट दिसले तर ते भरलेली डिझेल इंजिनाची बॅटरी आहे की उतरलेली विजेच्या इंजिनाची, हे त्या आकड्यावरून कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून व्होल्टेज मोजणारे सर्किट इनपुटच्या बाजूलाच ठेवावे आणि थ्रेशोल्ड कोणता हे माणसाने सेटिंगमध्ये ठरवावे. आजचे चांगले न्यूमेरिकल रिले ही सोय देतात.

करंटचीही एक बाजू आहे. एसी सर्किटमध्ये एक किलोमीटर केबलच्या दोन वायरींत सुमारे ०.१ मायक्रोफॅरड कपॅसिटन्स असतो. २३० व्होल्टला त्यातून सात मिलिअँपिअरपर्यंत करंट झिरपू शकतो. अडीच मिलिअँपिअरवर समाधानी असलेले इनपुट मग स्विच उघडा असतानाही ‘चालू’च राहते. शिवाय काळ्या पडलेल्या काँटॅक्टवरचा थर फोडायला थोडा जास्त करंट लागतो. म्हणून डीसीसाठीची चांगली डिझाइन स्विच मिटताना काही मिलिसेकंद मोठा करंट ओढतात आणि नंतर तो कमी करतात. तिथे उष्णताही आटोक्यात राहते आणि काँटॅक्टही साफ राहतो.

टेंडरमध्ये काय मागावे

खरेदीच्या कागदात आपण ‘२४ ते २५० व्होल्ट’ एवढेच लिहितो आणि सगळ्यात स्वस्त कार्ड घेतो. त्यात तीन ओळी वाढवाव्यात: थ्रेशोल्ड बदलता येतो का आणि त्याच्या पायऱ्या कोणत्या, ‘चालू’ आणि ‘बंद’ यांच्या पातळ्यांत किती अंतर आहे, प्रत्येक व्होल्टेजला इनपुट किती करंट ओढते. कमिशनिंगच्या दिवशी बदलता डीसी सप्लाय लावून व्होल्टेज शून्यापासून हळूहळू चढवावे, दिवा कुठे लागतो ते लिहावे. मग उतरवावे आणि कुठे विझतो तेही लिहावे. तो कागद पॅनेलच्या दाराच्या आत चिकटवावा. सोळा चॅनेलसाठी एवढे करायला फार तर अर्धा दिवस जाईल. पहिल्याच पावसाळ्यात एक खोटी ट्रिप टळली तरी तो सार्थकी लागला.